कपाटाची किल्ली

प्रस्तावना

ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर रकाने आणि रकान्यांत परतीच्या तारखांचे शिक्के. एखाद्या शाळेचं ग्रंथालय पाहायला गेलो की पुस्तकांच्या नावांआधी मी ही चिठ्ठी पाहतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका माध्यमिक शाळेत भा. रा. भागवतांचं फास्टर फेणेचं एक पुस्तक हाती आलं. पुठ्ठ्याच्या कडा झिजलेल्या, पाठीला जाड दोऱ्याची शिवण. १९७९ ते १९८४ या काळातले शिक्के इतके दाटीवाटीने मारलेले, की जागा संपल्यावर खाली दुसरी चिठ्ठी जोडली होती. जून १९८४ नंतर मात्र एकही शिक्का नव्हता. पुस्तक तेच, कपाट तेच, शाळेत येणारी मुलंही त्याच वयाची. असं का झालं, म्हणून विचारलं. जुन्या शिपाईमामांना आठवत होतं. म्हणाले, "पुस्तकांचे गुरुजी त्या साली रिटायर झाले. किल्ली मग हापिसात गेली."

शालेय ग्रंथालयांविषयी मला जे कळलं आहे त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यात आहे. या विषयाची चर्चा आपल्याकडे पुस्तकं किती, खोली केवढी, अनुदान किती, इथून सुरू होते. ती किल्लीपासून सुरू व्हावी असं आम्हां सगळ्यांना वाटलं आणि त्यातून हे पुस्तक झालं. किल्ली कुणाकडे असते, ती मागायचा मुलांना धीर होतो का, कपाट उघडणारा माणूस पुस्तकाला ओळखतो का आणि समोर उभ्या असलेल्या मुलाला ओळखतो का, हे प्रश्न पुढच्या सगळ्या लेखांच्या मुळाशी आहेत.

सार्वजनिक वाचनालयात वाचक आपण होऊन येतो. वर्गणी भरतो, आवडलं तर पुन्हा येतो, नाही तर येत नाही. शाळेतलं मूल तिथे असतंच, आवड असो वा नसो, दिवसाचे पाच-सहा तास, आणि तेही आठ-दहा वर्षं. ज्या घरात पाठ्यपुस्तक आणि कॅलेंडर यांखेरीज छापील कागद नसतो, त्या घरात पहिलं गोष्टीचं पुस्तक आलं तर ते शाळेतूनच येणार. म्हणून हे काम ग्रंथालयशास्त्राचं जितकं आहे, तितकंच शिक्षणशास्त्राचं आणि बालमानसाचंही आहे. तिन्ही क्षेत्रांनी ते एकमेकांकडे ढकललं आणि बराच काळ ते कुणाचंच राहिलं नाही.

महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. पण ही वाचनालयं मोठ्या माणसांची, त्यातही शिकलेल्या आणि वर्गणी परवडणाऱ्या माणसांची होती. १८५२ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मागास जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय काढल्याची नोंद सापडते. शाळा काढून भागत नाही, शिकणाऱ्याच्या हाती पुस्तकंही पडली पाहिजेत, हे त्यांनी त्या काळात ओळखलं होतं. मुलांसाठी मराठी मासिकंही लवकर आली. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' १८८१ सालचं, वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६ सालचं. त्यांचे अंक शाळेत घ्यायचे की नाही, हे मुख्याध्यापकाच्या आवडीवर राही.

खरी व्यवस्था उभी राहिली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर अक्षरं विसरली जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू झालं, लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी वाचनालयं निघाली. 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं नियतकालिक इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठीतही मजकूर छापू लागलं. आज जिल्हा परिषदेच्या शाळांत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या पुस्तकपेट्या पाहिल्या की मला बडोद्याच्या त्या पेट्या आठवतात.

याच सयाजीरावांशी जोडलेली आणखी एक हकिकत इथे सांगितली पाहिजे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला विल्सन हायस्कुलातल्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींना दिसे. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याच्या हाती ठेवलं. पुढे त्याला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळावी म्हणूनही तेच धडपडले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकर त्याच्या शाळेचे शिक्षक नव्हते आणि ती बाग काही ग्रंथालय नव्हती. पण मूल पाहून त्याला पुस्तक देण्याचं ग्रंथपालाचं मुख्य काम त्यांनी तिथे केलं. या एका देवघेवीचं मोल करायला कुठलीही नोंदवही पुरी पडणार नाही.

शियाळी रामामृत रंगनाथन हेही मूळचे शिक्षकच, गणिताचे. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून गेले तेव्हा पहिल्या काही दिवसांतच कंटाळून परत वर्गावर जायला निघाले होते. ते थांबले आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडून त्यांनी जगाच्या ग्रंथालयविचाराला वळण दिलं. पुस्तकं वापरासाठी असतात, हा त्यांतला पहिला नियम. तो इतका साधा आहे की वेगळा सांगावा असं वाटत नाही. पण शाळांमधली कुलपं पाहिली की रंगनाथनांनी तो पहिला का ठेवला ते कळतं. १९४२ साली त्यांनी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं.

स्वातंत्र्यानंतर आयोग आले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांचं जे वर्णन केलं, ते आजही कुणी तपासून पाहावं: जुनी, मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली पुस्तकं, अपुऱ्या खोलीतली दोन-चार कपाटं आणि त्यांच्यावर नेमलेला, पुस्तकांची आवड नसलेला लिपिक किंवा शिक्षक. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. शाळांची ग्रंथालयं त्या कायद्याबाहेर, शिक्षण खात्याकडे राहिली. १९८७ पासूनच्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना साहित्याबरोबर पुस्तकंही आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत वृत्तपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असलंच पाहिजे असं परिशिष्टात लिहून ठेवलं. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांचं ग्रंथालय अनुदान आहे. पुस्तक हवं हे कायद्याने मान्य केलं. माणूस मात्र मागेच राहिला. माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं, त्यामुळे लहान शाळेला ते मिळत नाही किंवा अर्धवेळ मिळतं. प्राथमिक शाळेत तर ते नाहीच. तिथे पाच वर्ग सांभाळणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाच्या गळ्यात हे काम पडतं.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्याला इथल्या विचारधारा माहीत हव्यात, कारण प्रत्यक्ष शाळेत त्यांची सरमिसळ झालेली असते. सगळ्यांत जुनी धारा व्यवस्थेची. दाखलनोंदणी, वर्गीकरण, तालिका, देवघेवीचं रजिस्टर. अलीकडे हिच्याविषयी तुच्छतेने बोलायची पद्धत पडली आहे आणि ती मला पटत नाही. हवं ते पुस्तक दोन मिनिटांत सापडलं नाही तर मूल परत येत नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हाही रंगनाथनांचाच नियम आहे. मात्र सातवीतल्या मुलासाठी पाठीवर लांबलचक दशांश वर्गांक लिहिण्यापेक्षा रंगीत चिकटपट्ट्या लावणं जास्त उपयोगी, एवढी सवलत व्यवस्थेने द्यायला हवी.

दुसरी धारा बालकेंद्री शिक्षणातून आली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. मुलाला स्वतःच्या गतीने, स्वतःच्या निवडीने शिकू द्यावं हा त्यांचा आग्रह होता. त्यात गोष्टीला मानाचं स्थान होतं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांची प्रगत शिक्षण संस्था, पालघर जिल्ह्यात क्वेस्ट, गोव्यात बुकवर्म, टाटा ट्रस्ट्सचा पराग उपक्रम या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. मुलांना पुस्तकं नुसती देऊन चालत नाही, ती त्यांच्याबरोबर वाचावी लागतात. मोठ्याने वाचणं, चित्रांवर बोलणं, गोष्ट करून दाखवणं, वाचलेल्यावर गप्पा मारणं हेच ग्रंथालयाचं मुख्य काम, असं ही मंडळी मानतात. क्वेस्टच्या 'गोष्टरंग'मध्ये तरुण कलाकार गोष्टीच्या पुस्तकांचे प्रयोग शाळाशाळांत करतात.

हे कसं दिसतं ते जवळून पाहायला हवं. डहाणूकडच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात बाई चित्रपुस्तक वाचत होत्या. पुस्तक छातीशी उघडं धरलेलं, मुलं जमिनीवर अर्धगोलात. पान उलटण्याआधी बाई थांबल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मागे बसलेला एक मुलगा वारलीत काहीतरी म्हणाला. बाईंनी त्याचं वाक्य त्याच्याच भाषेत पुन्हा म्हटलं, मग मराठीत म्हटलं, मग पान उलटलं. त्याचा अंदाज बरोबर निघाला होता. गोष्ट संपल्यावर ते पुस्तक खिडकीच्या दांडीवर राहिलं आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाने ते उचलून दुसऱ्या दोघांना 'वाचून' दाखवलं. त्याला तेव्हा पाच-सहा अक्षरंच येत होती. वाचनाची सुरुवात अक्षरांआधी होते हे मी अनेक ठिकाणी ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

तिसरी धारा माहितीच्या वापराची. ग्रंथालय हा शिकण्याचा कणा आहे आणि ग्रंथपाल हा शिक्षकाचा सहकारी आहे, असं ती मानते. इफ्ला ही ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि युनेस्को यांनी १९९९ साली शालेय ग्रंथालयांचा जाहीरनामा काढला तो याच भूमिकेतून. त्याआधी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स यांनी केलेल्या अभ्यासात जिथे ग्रंथालयावर पुरेशी माणसं आणि साधनं होती, तिथली मुलं वाचनाच्या चाचण्यांत पुढे असल्याचं दिसलं. वस्तीच्या गरिबीचा हिशोब धरूनही हा फरक उरत होता. तिथली परिस्थिती आपल्याला जशीच्या तशी लागू होणार नाही. पण पुस्तकांपाशी माणूस लागतो हे तिथेही आढळलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

शिक्षकाला ग्रंथालयाचा आधार कसा मिळतो, याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलच्या ग्रंथपाल महिन्याच्या शेवटी शिक्षकखोलीत एक कोरी वही ठेवतात. पुढच्या महिन्यात कोणत्या इयत्तेला काय शिकवणार, एवढंच तिच्यात लिहायचं. सातवीच्या इतिहासात शिवकाल येणार हे वाचून त्यांनी टेबलावर मराठी विश्वकोशाचा खंड, जिल्ह्याचा नकाशा, किल्ल्यांवरची तीन पुस्तकं आणि 'किशोर'चे जुने अंक मांडून ठेवले. मुलांनी जवळच्या किल्ल्याची माहिती काढली. दोन पुस्तकांत एकाच घटनेच्या तारखा वेगळ्या निघाल्या. मुलं वर्गात जाऊन म्हणाली, "सर, खरं कुठलं?" सरांना लगेच उत्तर देता आलं नाही. ते मुलांबरोबर ग्रंथालयात आले, कुठल्या लेखकाने कशाच्या आधाराने लिहिलं आहे ते शोधू लागले आणि दोन तासिका त्यातच गेल्या. अभ्यासक्रम थोडा मागे पडला. पुरावा म्हणजे काय, हे मात्र त्या वर्गाला कुणी वेगळं शिकवायची गरज उरली नाही.

चांगला शिक्षक एकटा पडतो, ही आपल्या शाळांची मोठी व्यथा आहे. केंद्रावरच्या बैठकीत माहिती भरायची असते, प्रशिक्षणात सूचना ऐकायच्या असतात. आपल्या विषयातलं नवं पुस्तक, दुसऱ्या शिक्षकाने केलेला प्रयोग हे त्याच्यापर्यंत पोचवणारं कुणी नसतं. ग्रंथालयात शिक्षकांसाठी एक फळी असावी आणि ती मुलांच्याइतकीच झिजलेली असावी, असं मला वाटतं. वाचणारा शिक्षक पाहिल्याशिवाय मुलं वाचत नाहीत.

आता कुलपाविषयी, कारण सगळ्या धारा तिथेच अडतात. जडसंग्रह नोंदवहीत खुर्ची, घंटा, लोखंडी कपाट यांच्या ओळीत पुस्तकंही नोंदवलेली असतात. खुर्ची वर्षानुवर्षं शाबूत राहावी ही अपेक्षा रास्त आहे. पुस्तक मात्र मुलांच्या हाती गेलं की झिजणार, फाटणार, कधी हरवणार. एका शिक्षिकेने मला सांगितलं, की बदलीच्या शाळेत चार्ज घेताना पुस्तकं मोजली तर आठ कमी भरली. आधीच्या शिक्षकांनी ती स्वतःच्या पैशांनी भरून दिली. "त्यानंतर मीही कपाट उघडलं नाही," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज खाली गेला होता. दोष त्यांचा नाही. पुस्तकं निर्लेखित करण्याची तरतूद आहे, पण ती किचकट आणि तिच्याविषयी धास्ती मोठी. दरवर्षी ठरावीक प्रमाणात पुस्तकं झिजली, हरवली तर ती वापराची खूण मानली जाईल, असं एक स्पष्ट परिपत्रक निघालं तर त्याने एका वर्षात जे होईल ते दहा वाचन सप्ताहांनी होणार नाही. हे मी विचारपूर्वक लिहितो आहे.

खरेदीचंही तसंच. अनुदान वर्षअखेरीस येतं, खर्च करायला आठवडा मिळतो आणि गठ्ठ्याने मिळतील ती पुस्तकं घेतली जातात. मग पाचवीच्या मुलांसमोर बारीक टाइपातली चरित्रं आणि सुविचारांचे संग्रह येतात. मराठीत चांगली बालपुस्तकं नाहीत ही तक्रार आता खरी नाही. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं आणि 'वाचू आनंदे', ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची स्वस्त आणि देखणी पुस्तकं, बालभारतीचं १९७१ पासून चालू असलेलं 'किशोर', एवढ्यावरही एखादी पेटी उत्तम भरेल. उणीव आहे ती कोरकू, पावरी, गोंडी, कातकरी अशा घरभाषांतल्या पुस्तकांची, आणि ती भरून काढणं तातडीचं आहे.

हे सगळं आजच का? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्यांच्या घरी पुस्तक नव्हतं, त्या मुलांचं वाचन थांबलं. शाळा उघडल्यावर चौथी-पाचवीत अडखळत वाचणारी मुलं शिक्षकांसमोर बसली होती. त्यांना पुन्हा पाठ्यपुस्तकाचा धडा गिरवायला लावून ती वाचती झाली नाहीत. सोपी, छोटी, त्यांच्या वयाला न लाजवणारी भरपूर पुस्तकं लागली. दुसरीकडे मोबाइल घराघरांत आला आहे. त्यावर स्टोरीवीव्हरसारख्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात ही चांगली सोय झाली. पण खरं काय, खोटं काय, कुणी कशासाठी लिहिलं, हे विचारायची सवय पडद्यावर आपोआप लागत नाही. ती त्या सातवीच्या मुलांसारखी, दोन पुस्तकं शेजारी ठेवून लागते. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी कपाटं उघडतात. १६ ऑक्टोबरला ती उघडी राहतात का, हा आमचा प्रश्न आहे.

या पुस्तकाचे लेखक प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शाळांचे ग्रंथपाल, मुख्याध्यापक आणि काही संस्थांतले कार्यकर्ते आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी याआधी छापील काही लिहिलेलं नव्हतं. आम्ही त्यांना फक्त एवढंच सांगितलं, की जे केलं ते लिहा आणि जे जमलं नाही तेही लिहा. त्यामुळे इथे मतभेद आहेत. मध्यवर्ती खोली हवी की वर्गावर्गांत पेटी, यावर दोन लेख परस्परांच्या विरुद्ध आहेत आणि आम्ही ते तसेच ठेवले. माझं मत विचाराल तर दोन शिक्षकी शाळेत वर्गातली पेटी आणि हायस्कुलात खोली, तीही पूर्णवेळ माणसासह. वाचलेल्या पुस्तकावर मुलांकडून लिहून घ्यावं का, यावरही वाद आहे. मला ते नको वाटतं, पण विरुद्ध बाजूचा लेख वाचून मी थोडा डळमळलो आहे. शंभर उत्तम पुस्तकांची यादी इथे मुद्दाम दिलेली नाही. यादी दिली की खरेदी तिच्यावरून होते आणि समोरचं मूल पुन्हा बाजूला राहतं.

हे पुस्तक शिक्षकांसाठी आहे, ग्रंथपालांसाठी आहे, पण पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी ते वाचावं ही माझी विशेष इच्छा आहे. त्यांना एक विनंती. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा ग्रंथालयाचं कपाट उघडायला सांगा. पुस्तकं किती आहेत ते विचारू नका. कुठलंही एक हातात घ्या, शेवटचं पान उघडा आणि शेवटचा शिक्का कुठल्या तारखेचा आहे ते बघा. तो जुना असेल, तर त्याच दिवशी ते पुस्तक आपल्या मुलाच्या नावावर घरी न्या.